डावा गाल

मिस्त्री रोज सकाळी फक्त डावा गाल घोटून येत. उजव्या गालाचा नंबर रविवारी लागे. त्यामुळे शनिवार उजाडेपर्यंत त्यांचा अर्धा चेहरा लग्नघरातला आणि अर्धा दवाखान्यातला दिसायचा. मी त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत सुपरवायझर म्हणून लागलो तो नेमका शनिवार होता. मी आपला सहानुभूतीनं विचारायला गेलो, "मिस्त्री, बरं नाही का?" त्यांनी माझी बेलबॉटम पाहिली, मग माझी कॉलेजातून मिरवत आणलेली भरघोस दाढी पाहिली, आणि म्हणाले, "मले काय झालं? तुमालेच काई झालं का?"

तिथून आमचं जे बिनसलं ते दीड वर्ष बिनसलेलंच राहिलं. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा फ्रेम करून टेबलामागं टांगणारा माणूस. माझ्या हाताखालच्या फिटरनं मला असं उत्तर द्यावं, हे मला झेपण्यासारखं नव्हतं.

कामठी रोडवर आमचं यार्ड होतं. अवजड सामान वाहणारे दहा-बारा ट्रेलर आणि ते ओढणाऱ्या पुढच्या गाड्या. या पुढच्या गाडीला सगळे घोडा म्हणत. हव्या त्या घोड्याला हवा तो ट्रेलर लावता येतो, पण लावला की ब्रेकची हवा मागं न्यायला दोन रबरी नळ्या जोडाव्या लागतात. एका नळीतून ट्रेलरची टाकी भरते. दुसरीतून ड्रायव्हरच्या पायाचा निरोप मागच्या चाकांपर्यंत जातो. नळ्यांच्या टोकाला लोखंडी पंजे असतात. घोड्याचा पंजा ट्रेलरच्या पंजात अडकवून पिळला, मध्ये दोन्ही पंजांचे रबरी वायसर एकमेकांवर नीट बसले, की झाला जोड. एवढंच काम. मिस्त्री ते वीस वर्षं करत होते आणि दर वेळी पहिल्यांदा केल्यासारखं करत होते.

डाव्या गालाचं कारण मला पंधरा दिवसांनी कळलं. नळ्या जोडून झाल्या की मिस्त्री पुढं थांबतच नसत. पाना घेऊन थेट ट्रेलरच्या शेवटच्या चाकापाशी जात, पाठीवर आडवे होऊन आत सरकत, तिथल्या ब्रेकच्या पायपाचं नट जरासं ढिलं करत आणि ओरडत, "दाब गा!" ड्रायव्हरनं पेडल दाबलं की हवा फुस्सकन बाहेर येई. मिस्त्री चार बोटांचं अंतर राखून तिच्यापुढं डावा गाल धरत. उजव्या हातात पाना असे, म्हणून डावा. मग निकाल लागे. "पोचली" म्हणजे गाडी जाऊ द्या. "उशिरा आली" म्हणजे नळी कुठंतरी चेपलीय. "ओली आहे" म्हणजे टाकीतलं पाणी कुणी सोडलेलं नाही. "दमून आली" म्हणजे वाटेत कुठंतरी गळतेय. दाढीचे खुंट असले की हवा नीट कळत नाही, म्हणून तो गाल रोज गुळगुळीत. उजव्याला काम नव्हतं, म्हणून त्याला रविवार.

यार्डासमोरच्या न्हाव्यानं एकदा मायेनं त्यांचे दोन्ही गाल घोटले. मिस्त्री आरशात पाहून चांगलेच भडकले. "याचं काय काम होतं?" ते उजव्या गालावर बोट ठेवून विचारत होते. न्हावी बिचारा म्हणाला, "मिस्त्री, फुकट केला हो तो." त्यावर म्हणाले, "फुकट असो का काई असो, बिनकामाचं काम करा नाई."

मी त्यांना गेज दाखवायचो. चांगला नवा, काचेमागं पांढरी तबकडी असलेला. "मिस्त्री, काटा बघा. साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला नाही की गळती नाही. गाल कशाला मळवता?"

"काटा त टाकीचं सांगते," ते म्हणायचे. "चाकाचं कोन सांगन?"

ते कुहीकडचे. घरी धानाची शेती, ती भाऊ करायचा. पण रोवणीचे, म्हणजे रोपं लावायचे, दहा दिवस मिस्त्री गावी जाणार म्हणजे जाणार. शेठ चिडो, ट्रेलर अडो, जगबुडी येवो. एकदा मी चेष्टेनं विचारलं, "तुम्ही नसलात तर धान उगवणार नाही का?" तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

"धानाच्या बांध्या पाह्यल्या का कधी?"

"पाहिल्यात ना. बसमधून."

"बसमधून!" त्यांनी कपाळाला हात लावला. "पाटाचं पानी पह्यल्या बांधीत पडते. तिथून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. आता पाटावर उभा राहून पानी पाह्यलं अन् घरी जाऊन झोपला, असा मानूस शेती करन का? शेवटच्या बांधीत जाऊन पाय बुडवा लागते सायेब. तिथी पानी लागलं, तं खरं."

"बरं, मग?"

"मग काई नाई. तुमी पाटावरचे आहा."

हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. नुसतं सांगितलं. म्हणून मला जास्त लागलं.

त्यांची आणखी एक खोड होती. जुना वायसर काढला की तो चाकूनं मधोमध कापूनच फेकायचा. चांगला दिसत असला तरी कापायचा. न कापता फेकला तर एखादा ड्रायव्हर उचलून खिशात ठेवतो आणि वाटेत लावतो, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ड्रायव्हर लोक वायसरच्या जागी काय काय लावत, त्याचं प्रदर्शन ऑफिसाबाहेरच्या एका खिळ्यावर लटकत असे. सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे, कुकरच्या रबराचा तुकडा, आणि मानाच्या जागी एक निळी चकती. ती दौलतनं स्वतःच्या स्लिपरमधून कापली होती.

दौलत काटोलचा. आमचा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर. उंच, हसरा, आणि हात फावड्याएवढे. संत्र्यांचा हंगाम असला की घरून येताना पिशवी भरून आणायचा. मिस्त्री त्याच्या ट्रेलरची तपासणी होईपर्यंत त्या पिशवीला हात लावत नसत. "आधी खाल्लं का मंग मन भिजते," म्हणत. स्लिपर सापडली त्या दिवशी मिस्त्रींनी त्याला खिळ्यापाशी उभं करून विचारलं, "दौलत, घरी कितीजन आहे गा?"

"सहा, मिस्त्री."

"अन् साऱ्यांचा जीव स्लिपरवर?"

दौलत ओशाळून हसला. त्यानंतर त्यानं असलं काही केलं नाही. नवे वायसर मिस्त्री स्वतःच्या खिशात ठेवत, एका जुन्या तंबाखूच्या डबीत, रबर चिकटू नये म्हणून शंखजिरं टाकून. स्टोअरात ठेवायला कधीच तयार झाले नाहीत. मी मेमो दिला. त्यांनी तो घडी करून त्याच डबीत ठेवला.

आता टोपड्यांचं सांगतो, कारण माझी लाज तिथं पुरली आहे.

ट्रेलर घोड्यापासून सोडून उभा ठेवला की त्याचे पंजे उघडे राहतात. त्यांना झाकायला लोखंडी झाकणं असतात, पण आमच्याकडची केव्हाच हरवली होती. मिस्त्रींनी गांधीबागेतल्या एका कापडवाल्याकडून चिंध्या आणल्या आणि बायकोकडून पंजांच्या मापाची टोपडी शिवून घेतली. बारशाला घालतात तशी, खाली नाडी असलेली. टाकीच्या नळीला लाल, पेडलच्या नळीला पिवळं, म्हणजे नव्या माणसानंही उलटसुलट जोडू नये. कापड जे मिळालं ते. त्यामुळे कुठं लाल फुलं, कुठं पिवळ्यावर मोर. बारा ट्रेलर ओळीनं फुलाफुलांची टोपडी घालून उभे असत आणि रस्त्यानं जाणारे लोक सायकली थांबवून पाहत.

त्या वर्षी कंपनीला एक मोठं काम मिळायचं होतं. एका वीजकेंद्राचे ट्रान्सफॉर्मर न्यायचे होते, छिंदवाड्याच्या वाटेनं, घाटातून. यार्ड पाहायला तिकडचे इंजिनिअर येणार होते. मिस्त्री आदल्याच दिवशी रोवणीला गेलेले. मी यार्डावरून नजर फिरवली आणि मला त्या टोपड्यांची भयंकर लाज वाटली. टाय लावलेली माणसं येणार, आणि आमचे ट्रेलर बाळंतघरातल्यासारखे! मी स्टोअरकीपरला म्हटलं, "काढ ते सगळं. पोत्यात भर."

इंजिनिअर आले, खूश झाले, काम मिळालं. शेठनं माझी पाठ थोपटली. टोपडी पोत्यातच राहिली. पावसाळी दिवस, यार्डभर चिखल, आणि पंजे आ वासून उभे. दहा दिवस.

पहिला ट्रान्सफॉर्मर निघायचा त्या सकाळी मी स्वतः नळ्या जोडल्या. कोरे वायसर बाजारातून आणले, साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. गेजचा काटा जिथं हवा तिथं. दौलतनं गाडी यार्डात चार हात पुढं घेऊन ब्रेक दाबला, गाडी थांबली. मी रजिस्टरात सही केली आणि खाली एक रेघही ओढली. इंजिनिअर आले होते. शेठ आले होते. बंपरला हार, चाकाखाली लिंबू, शेठच्या हातात नारळ.

तेवढ्यात फाटकातून मिस्त्री आले. कुहीच्या बसमधून उतरून तडक. धोतर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत बांधीतला चिखल वाळून पांढरा पडलेला, खांद्यावर पिशवी. डावा गाल मात्र चकचकीत. त्यांनी ना शेठला नमस्कार केला ना मला. उभ्या असलेल्या बाकीच्या ट्रेलरांकडे पाहिलं आणि विचारलं, "टोपडे कुठी गेले?"

ते पिशवी खाली ठेवून, पाना घेऊन थेट मागं गेले.

"मिस्त्री, तपासणी झालीय," मी म्हणालो. "मी केलीय."

"हाव ना," ते चाकाखालून म्हणाले. "दौलत, दाब गा!"

दौलतनं दाबलं. काही आवाज आला नाही. "दाब!" पुन्हा काही नाही. मिस्त्री बाहेर आले, कपडे झटकले आणि शेठला म्हणाले, "गाडी नाई जात. मांगं हवा नाई."

"अरे, इंजिनिअर लोक उभे आहेत!" शेठ खालच्या आवाजात म्हणाले. "मुहूर्त टळून राहिला. सुपरवायझर, तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं," मी म्हणालो. माझं डोकं तापलं होतं. "सगळं ठीक आहे. कंपनी यांच्या गालावर चालत नाही."

शेठनं नारळ उचलला. दौलतनं इंजिन सुरू केलं. मिस्त्री एका शब्दानं वाद घालायला थांबले नाहीत. ते सरळ घोडा आणि ट्रेलरच्या मधल्या फटीत शिरले, हवेच्या फुत्कारात दोन्ही जोड फिरवून सोडवले, माझे कोरे वायसर बोटानं उचकटून काढले, कमरेचा चाकू उघडला आणि आम्हां सगळ्यांच्या देखत ते एकेक करून मधोमध कापले. चारही. तुकडे शेठच्या पायाशी टाकले.

"डबी माह्या खिशात आहे," ते म्हणाले. "पायजे तं मले पाडून घ्या. पन आधी पाहू द्या."

"तुझी नोकरी गेली समज!" शेठ ओरडले.

"जाईन ना. हे पाहून जाईन."

त्यांनी ट्रेलरची पेडलची नळी पंजासकट सोडवली. तिच्यात काही नव्हतं. मग तिच्यामागचा लोखंडी पायप जिथं वळतो तिथलं कोपर सोडवलं आणि त्यात तार घातली. तार अडकली. त्यांनी कोपर हातावर दोनदा आपटलं. मातीचा एक गोळा निघून तळहातावर पडला. भाजल्यासारखी घट्ट माती. ती फुटली आणि आतून बारीक हिरवट कोळी बाहेर सांडले, अर्धमेले, पाय दुमडलेले. कुंभारमाशीनं उघड्या पंजातून आत जाऊन घर केलं होतं, पिल्लांसाठी कोळी भरून तोंड लिंपून टाकलं होतं. मी हवा सोडल्यावर ते घर मागं सरकून कोपरात पक्कं बसलं. पंजाला हवा मिळत होती, म्हणून बुडबुडा नाही. टाकीची नळी मोकळी होती, म्हणून काटा बरोबर. यार्डात गाडी थांबली ती घोड्याच्या ब्रेकवर. ट्रेलरच्या चाकांना दौलतचा पाय कळतच नव्हता. घाटाच्या उतारावर तो एवढा ट्रान्सफॉर्मर मागून ढकलत आला असता, तेव्हा कळलं असतं.

इंजिनिअरांपैकी एकानं टाय सैल केला. दौलत खाली उतरून मिस्त्रींच्या तळहाताकडे पाहत राहिला. शेठनं नारळ खाली ठेवला. माणूस घाबरला की कुणावर तरी ओरडतो, तसे ते मिस्त्रींवर ओरडले, "रजेवर जाताना पायपाची तोंडं उघडी टाकून जातोस? टोपडी कुठं होती तुझी? का नाही घातलीस?"

स्टोअरकीपरनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मिस्त्री पायपात फुंकर घालत होते. ते म्हणाले, "पावसात माशी घर करतेच शेठ. निघालं ना आता." डबीतून चार वायसर काढले, शंखजिरं पुसलं, जोड पिळला, पुन्हा मागं जाऊन आडवे झाले. "दाब गा!" फुस्स. "पोचली."

नारळ फुटला. गाडी गेली. शेठच्या तोंडातून नोकरीची भाषा पुन्हा निघाली नाही, पण माफीचीही निघाली नाही.

दुपारी मी मिस्त्रींना गाठलं. ते पोतं उपसून टोपडी झटकत होते. मी म्हणालो, "मिस्त्री, टोपडी मी काढायला लावली होती."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत? मी आत्ता शेठला जाऊन सांगतो."

"शेठचं सोडा," ते नाडी बांधत म्हणाले. "शेठ काई घाट उतरत नाई. दौलतले सांगा."

दौलत सहाव्या दिवशी परत यायचा होता. ते सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शेठला सांगणं सोपं होतं. फार तर नोकरी गेली असती. ज्याला मी मारायला निघालो होतो त्याच्या समोर उभं राहून तसं सांगायचं, हे अवघड होतं. दोनदा मनात आलं, राजीनामा टाकावा आणि निघून जावं. पण मग मिस्त्री म्हणाले असते, पाटावरूनच गेला. सहाव्या दिवशी सकाळी मी समोरच्या न्हाव्याकडे गेलो आणि सगळी दाढी काढून टाकली. न्हाव्यानं विचारलं, कुठून सुरू करू? मी डावा गाल पुढं केला.

दुपारी बाराच्या सुमारास दौलत आला. रिकामा ट्रेलर, चिखलानं माखलेला, पण स्वारी खुशीत. मी त्याला घोड्यावरून उतरूही दिलं नाही नीट. मिस्त्री तिथंच उभे होते, स्टोअरकीपर होता, न्हावीही दारात आला होता. मी म्हणालो, "दौलत, टोपडी मिस्त्रींनी नव्हती काढली. मी काढायला लावली. पाहुण्यांसमोर वाईट दिसतात म्हणून. मिस्त्री आले नसते तर तू घाटात गेला असतास. आणि शेठ त्यांना बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो."

दौलतचं हसू हळूहळू मावळलं. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याचा तो फावड्याएवढा हात उठला आणि माझ्या डाव्या गालावर खाडकन बसला.

माझ्या कानात शिट्टी वाजत होती. दौलत स्वतःच्याच हाताकडे पाहून घाबरला. "सायेब..." तो पुटपुटला, "हात गेला ना जी..." मी मानेनंच राहू दे म्हटलं. मला त्याचा राग आला नाही. खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरलं.

मिस्त्री पुढं आले. मला वाटलं, काही धीराचं बोलतील. त्यांनी माझ्या गालाकडे नीट पाहिलं, आणि माझ्या हातात पाना दिला.

"चला," ते म्हणाले. "दौलतचा ट्रेलर पाहाचा राहिला. आज तुमी जा खाली."

मी बेलबॉटमसकट चिखलात आडवा झालो आणि सरकत शेवटच्या चाकापाशी गेलो. नट ढिलं केलं. चार बोटांचं अंतर ठेवून गाल पुढं धरला. तो अजून रसरसत होता, पाचही बोटं वेगवेगळी जाणवत होती. बाहेरून मिस्त्रींचा आवाज आला, "दाब गा, दौलत!"

हवा आली. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं की ती इतकी थंड असते.

"पोचली का?" मिस्त्रींनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो.